सहावा लागला की सहा भरले?

नागपुरातल्या आमच्या उर्दू शाळेत आठवीच्या वर्गाला आम्ही एकदा एक साधे गणित घातले. बाळाचा जन्म १४ जानेवारीचा. त्याला सहा महिने पूर्ण कधी होतील? निम्म्याहून अधिक वर्गाने उत्तर दिले, १४ जून. जानेवारी एक, फेब्रुवारी दोन, असे बोटांवर मोजत मुले जूनवर येऊन थांबली होती. आम्ही फळ्यावर लिहिले : १४ जूनला सहावा महिना लागतो, सहा महिने भरतात १४ जुलैला. वर्ग हसला. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र हसली नाही. ती उभी राहून म्हणाली, “सर, फिर तो अम्मी ने मुन्ने को एक महिना पहलेच शुरू कर दिया. डिब्बा तो मैंनेच पढ़के सुनाया था.”

तिच्या आईला वाचता येत नव्हते. बाळाच्या तयार खाण्याचा डबा किराणा दुकानातून घरी आला, तेव्हा त्यावरचे वाचून दाखवण्याचे काम घरात सर्वांत जास्त शिकलेल्या माणसाकडे, म्हणजे या तेरा वर्षांच्या मुलीकडे आले. डब्यावर सहाचा आकडा होता. तिने सहा वाचले. आईने सहावा ऐकला.

त्या मुलीला आम्ही काय सांगणार? हीच चूक आमच्या घरात, बी.एड. झालेल्या माणसाच्या हातून झाली होती.

आमची थोरली मुलगी तान्ही होती तेव्हाची गोष्ट. मे महिना होता. नागपूरचा मे कसा असतो ते वाचकांना सांगायला नको. एके दिवशी अम्मी म्हणाल्या, “छठा महिना लग गया, अब कुछ खिलाओ.” आम्ही बाजारातून एक डबा आणला. समोर मोठ्या अक्षरांत सहाचा आकडा, आणि ‘पासून’ या अर्थाचा छोटा इंग्रजी शब्द. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत बरेच काही छापलेले होते, ते आम्ही वाचले नाही. शिकलेल्या माणसाचा हा एक दोष आहे. आपल्याला वाचता येते याच विश्वासावर तो वाचायचे टाळतो. चौथ्या दिवशी मुलीला जुलाब लागले आणि आठव्या दिवशी दवाखान्यात न्यावे लागले. डॉक्टरांनी वय विचारले. आम्ही ऐटीत सांगितले, “सहा महिने.” त्यांनी लसीचे कार्ड पाहिले आणि शांतपणे म्हणाले, “पाच महिने आणि बारा दिवस.”

जुलाब त्या डब्यामुळेच झाले असे डॉक्टर म्हणाले नाहीत, आणि आम्हीही म्हणत नाही. पाणी, चमचा, वाटी, हात, उन्हाळा, कारणे पुष्कळ असतात. पण जे पोट अजून खाण्यासाठी तयार झाले नव्हते, त्यात आम्ही ती सगळी कारणे स्वतःच्या हाताने घातली होती. मुलगी बरी झाली. आज ती चौथीत आहे आणि आमच्यापेक्षा मोठ्या आवाजात पाढे म्हणते. तरी तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. डबा खोटे बोलला होता का? आकडा तर खराच होता. मग आमची फसवणूक झाली की आम्हीच फसलो?

आधी सहा महिन्यांचा हिशेब पाहू. हा आकडा कुणाच्या लहरीवर ठरलेला नाही. या सुमारास मूल मान सावरू लागते, आधाराने बसू लागते. तोंडात आलेला घास जिभेने बाहेर ढकलण्याची जन्मजात सवय ओसरू लागते. आईच्या पोटात असताना साठवलेले लोह याच काळात कमी पडू लागते, म्हणून दुधाच्या जोडीला वरचे अन्न लागते. त्याआधी बाळाला वेगळे पाणीसुद्धा नको असते. आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असते, आणि ते विदर्भाच्या उन्हाळ्यातही पुरते. आमच्या मोहल्ल्यांत हे अजून कुणाला पटत नाही. ‘इतनी गर्मी में बच्चा प्यासा मरेगा’ असे म्हणून दोन महिन्यांच्या बाळाच्या तोंडात पाण्याचा चमचा घातला जातो. डब्याच्या आधीची चूक ती आहे, आणि तिच्यावर कुठल्याही कंपनीचा शिक्का नाही.

या आकड्याला इतिहासही आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या विदर्भातून जातो. १९७४ साली इंग्लंडमध्ये ‘द बेबी किलर’ नावाची पुस्तिका निघाली. गरीब देशांत डब्याच्या दुधाचा प्रचार कसा होतो आणि त्याची किंमत बाळे कशी मोजतात, हे तिने मांडले. १९७७ मध्ये नेस्ले कंपनीच्या मालावर बहिष्काराची चळवळ सुरू झाली. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या विक्रीविषयी आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली. बाजूने ११८ देश, विरोधात एकटी अमेरिका. १९९१ च्या डिसेंबरात आपल्या शेजारच्या वर्ध्यात ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, संसदेने बाळाचे डब्याचे दूध, दुधाच्या बाटल्या आणि बाळाचा तयार आहार यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला आणि १ ऑगस्ट १९९३ पासून तो अमलात आला. या मालाच्या जाहिरातीला बंदी आली. डब्यावर बाळाचे किंवा आईचे चित्र छापायचे नाही, असेही ठरले.

याच कायद्यातला एक तपशील आमच्या विषयाच्या गाभ्याशी आहे. १९९२ च्या कायद्यात बाळाच्या तयार आहाराची व्याख्या ‘चार महिन्यांनंतर’ पूरक म्हणून द्यायचे अन्न अशी होती. २००१ साली जागतिक आरोग्य सभेने सहा महिने केवळ आईच्या दुधाची शिफारस केली आणि २००३ मध्ये आपल्या संसदेने कायदा दुरुस्त करून ‘चार’च्या जागी ‘सहा’ आणले. वरची मर्यादा दोन वर्षांची घातली. म्हणजे जो आकडा काल कायदेशीर होता तो आज चुकीचा ठरला. यात लाजण्यासारखे काही नाही. माणसाचे ज्ञान वाढते. प्रामाणिकपणाची कसोटी पुढे असते. ज्ञान बदलले की आकडा बदलायला तुम्ही किती वेळ लावता?

युरोपकडे पाहा. तिथला कायदा आजही ‘चार महिन्यांपासून’ असे लेबल लावू देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने व्हिएन्ना, सोफिया, बुडापेस्ट आणि हैफा या शहरांतल्या जवळजवळ आठ हजार तयार आहारांची पाहणी करून २०१९ मध्ये अहवाल दिला. यातले २८ ते ६० टक्के पदार्थ सहा महिन्यांहून लहान बाळांसाठी योग्य म्हणून विकले जात होते. बाळ व्हिएन्नाचे असो की मोमीनपुऱ्याचे, त्याच्या पोटाला सरहद्द कळत नाही. लेबलाला मात्र बरोबर कळते.

आता आपल्या डब्याकडे परत येऊ. आपल्याकडे कायद्याने आकडा सहाचा आहे. पण ‘सहा महिन्यांपासून’ आणि ‘सहा महिने पूर्ण झाल्यावर’ या दोन बोलांत एका महिन्याची जागा मोकळी राहते. आपल्या घरांतली मोजणी ‘लागण्या’ची असते. बाईला सातवा लागला, पोराला तिसरे वर्ष लागले, रमजान लागला. काही घरांत आजी चंद्राच्या महिन्यांनी मोजते. तिचे सहा महिने १७७ दिवसांत भरतात, कॅलेंडरचे १८१ किंवा त्याहून अधिक दिवसांत. त्या चार ते सात दिवसांचे काही नाही. पण ‘लागला’ आणि ‘भरला’ यांत तीस दिवसांचे अंतर आहे, आणि तान्ह्याच्या आयुष्यात तीस दिवस थोडे नव्हेत. समोरचा ठळक आकडा एक ऐकवतो, मागचे बारीक वाक्य दुसरे सांगते. शिवाय ही अक्षरे असतात इंग्रजीत, फार तर हिंदीत. आमच्या वर्गातल्या मुलींच्या आया जी लिपी ओळखतात ती उर्दू आमच्या पाहण्यात कुठल्याच डब्यावर आली नाही.

इथे विकणाऱ्याची बाजू ऐकली पाहिजे. तो म्हणेल, आम्ही खरे तेच छापले आहे, कायद्याप्रमाणे छापले आहे. कुणी मागचे वाचले नाही तर त्याला आम्ही काय करणार? युक्तिवाद कमजोर नाही. आम्ही स्वतः मागचे वाचले नव्हते, हे कबूल केलेच आहे. पण खरे बोलणे आणि फसवू न देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या दीनने हा फरक फार पूर्वी करून ठेवला आहे. सहीह मुस्लिममधली ती हदीस बहुतेकांना ठाऊक असेल. बाजारातून जाताना रसूलल्लाहांनी (स.) धान्याच्या एका ढिगात हात घातला आणि बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पाऊस पडला होता. त्यावर त्यांनी विचारले की मग हे ओले धान्य वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते. विक्रेता खोटे बोलला नव्हता. त्याला कुणी विचारलेच नव्हते. तरी ती फसवणूक ठरली, कारण जे दिसायला हवे ते त्याने खाली ठेवले होते. आज डब्याच्या मागच्या बाजूला जे बारीक अक्षरांत असते ते आम्हाला ढिगातले ओले धान्य वाटते. ते तिथे आहे, लपवलेले नाही; पण वर नाही.

लेबलावरचे वय ही केवळ तारीख नसते. ‘सहा महिन्यांच्या बाळासाठी’ म्हणताना डब्यात जे काही आहे ते सगळे त्या वयाला योग्य आहे, असा शब्द दिलेला असतो. एप्रिल २०२४ मध्ये पब्लिक आय ही स्वित्झर्लंडमधली संस्था आणि आयबीफॅन हे जागतिक जाळे यांनी एक तपास जाहीर केला. भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये एका वेळच्या खाण्यात सरासरी जवळजवळ तीन ग्रॅम साखर वरून घातलेली आढळली; स्वित्झर्लंड, जर्मनी, इंग्लंड इथे मात्र त्याच वयाच्या बाळांना तीच कंपनी अशी साखर न घातलेला आहार विकत होती. कंपनीने सांगितले की आम्ही इथल्या नियमांच्या आतच आहोत. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात तिने भारतासाठी साखर न घातलेले प्रकार आणत असल्याचे जाहीर केले. चांगले झाले. पण एक प्रश्न उरतो. सहा महिन्यांचे बाळ सगळीकडे सहा महिन्यांचेच असते, मग त्या वयाला योग्य काय, हे देश बघून का ठरावे? सूरह मुतफ्फिफीनमध्ये ज्यांची निर्भर्त्सना आहे ते लोक घेताना भरपूर मापून घेतात आणि देताना माप मारतात. इतवारीच्या बाजारात तराजू पाहणारा आपला गिऱ्हाईक तांदळाच्या मापाबाबत जागा असतो. वयही एक माप आहे, आणि ते मारता येते, याकडे त्याचे लक्ष नसते.

डब्यांवर दुसरीही एक युक्ती असते, ती आम्हा शिक्षकांना चटकन कळते. टप्पा एक, टप्पा दोन, टप्पा तीन, टप्पा चार. बाळ सहा महिन्यांचे, आठचे, दहाचे, वर्षाचे झाले की वरच्या इयत्तेत जायचे. दुसरी पास झाला आणि तिसरीत घातला नाही तर मूल मागे पडेल, ही भीती आपल्या मनात आधीच घर करून असते. तिलाच हा आकडा हात घालतो. निसर्गात असे वर्ग नाहीत. सहा महिन्यांना मऊ कुस्करलेले, आठनऊ महिन्यांना थोडे दाटसर, हातात धरून खाता येईल असे, आणि वर्षाला घरात शिजते ते, कमी तिखट करून. या वाटेवर डबा मदतीला येऊ शकतो, पण डब्यावाचून वाट अडत नाही. मोठ्या बाळांसाठी निघालेल्या खास दुधाचेही तसेच. ते आवश्यक नाही, असे जागतिक आरोग्य सभेने १९८६ मध्येच म्हटले होते. मुगाची पातळ खिचडी, दलिया, कुस्करलेले केळे, उकडलेले अंडे. आमच्या कामठीच्या विणकराच्या घरातही यातले दोन पदार्थ कुठल्याही दिवशी सापडतात. मीठ-साखर मात्र वर्षभर दूर ठेवावी. मधही तसाच. आपल्याकडे मधाला बरकत मानतात आणि त्यात शंका नाही. पण वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून एक घातक विषबाधा होऊ शकते, म्हणून डॉक्टर तो नको म्हणतात. तहनीकसाठी खजूर आहेच.

इथे एक सावधगिरी. हे वाचून कुणी दुसऱ्या टोकाला जाऊ नये. ‘दात येऊ द्या, मग बघू’ म्हणत दहा महिन्यांपर्यंत फक्त दुधावर ठेवलेली बाळे आम्ही पाहिली आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिन्यांच्या आतली ६३.७ टक्के बाळे केवळ आईच्या दुधावर होती, ही वाढ आनंदाची आहे. पण सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी आईच्या दुधासोबत वरचे अन्न मिळणारी ४५.९ टक्केच होती, आणि सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांत पुरेसा आहार मिळणारी अवघी ११.३ टक्के. म्हणजे आपल्या देशात घाई आणि उशीर शेजारी शेजारी नांदतात. भरायच्या आधी देणे जसे चूक, तसे भरल्यावर न देणेही चूक.

आणखी एक गोष्ट आईविषयी. या विषयावर बोलणारे बरेच लोक शेवटी बाईला दोष देऊन मोकळे होतात. ज्या बाईला दुसऱ्याच्या घरी भांडी घासायला जायचे आहे, जिला दूध कमी येते, जी बाळंतपणातून उठलीच नाही, तिच्या घरात डबा आला तर तो गुन्हा नाही. कुरआनने दूध पाजणाऱ्या दाईची वाट मोकळी ठेवली आहे, आणि हजरत हलीमांची आठवण आपण आदराने काढतो. म्हणूनच त्या डब्यावरचे अक्षर जास्त खरे हवे. ज्याला पर्याय आहे तो एका चुकीतून सावरतो. ज्याच्यापाशी दुसरे काही नाही, त्याचा सगळा भार त्या एका आकड्यावर असतो.

सूरह बकरहमध्ये दूध पाजण्याचा विषय आला आहे तिथे दोन वर्षे सांगितली आहेत, आणि नुसती दोन नव्हे तर ‘कामिल’, म्हणजे पूर्ण. लहानपणापासून ही आयत ऐकताना त्या एका शब्दापाशी आम्ही कधी थांबलो नव्हतो. दवाखान्यात त्या रात्री सलाईनची बाटली बघत बसलो तेव्हा थांबलो. दोन वर्षे म्हटल्यावर अर्थ कळतो, मग पूर्ण कशाला? आम्ही आलिम नाही आणि तफसीर करण्याची आमची योग्यता नाही. पण शिक्षक म्हणून एवढे समजते की लोक मोजताना सवलत घेतात. महिना लागला की भरला म्हणतात, वर्षाचे टोक दिसले की वर्ष झाले म्हणतात. जिथे दुबळ्याचा हक्क आहे तिथे माप भरलेलेच हवे. त्याच आयतीत दूध आधी सोडवायचे झाल्यास आईबापांनी एकमेकांच्या राजीने, सल्ल्याने ठरवावे असे सांगितले आहे. त्या मसलतीत आज तिसरा कुणी येऊन बसला आहे. त्याचा आवाज नाही, चेहरा नाही, फक्त एक रंगीत डबा आणि त्यावरचा आकडा. त्याने खोटे सांगू नये, हे तर झालेच. त्याने अर्धवटही सांगू नये.

आमची मागणी मोठी नाही. डब्याच्या समोरच्या बाजूला, आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत एक शब्द छापावा : पूर्ण. ‘सहा महिने पूर्ण झाल्यावर’. आणि तो लोकांच्या लिपीत छापावा. त्याने कुणाचा धंदा बुडणार नाही. फार तर एक महिना उशिरा सुरू होईल. हा महिना हातचा जाऊ नये म्हणून तर हा शब्द मागे राहत नसेल ना, अशी शंका आम्हाला येते. ती खोटी ठरली तर आम्हाला आनंदच होईल.

पण कंपनी, कायदा, सरकार यांची वाट पाहत बसणे आपल्याला परवडणारे नाही. आपल्या घरी सातव्या दिवशी अकीका होतो, नाव ठेवले जाते, जावळ काढतात. त्याच दिवशी घरातल्या वाचता येणाऱ्या कुणीही, मग ती आठवीतली मुलगी का असेना, कॅलेंडरवर सहा महिने भरण्याची तारीख शोधून तिच्याभोवती गोल करावा. याला पैसा लागत नाही.

आमच्या वर्गात आता दरवर्षी हे गणित होते. मुली रिकामे डबे घेऊन येतात, आधी मागची बाजू वाचतात, मग समोरची. त्या मागच्या बाकावरच्या मुलीने त्या वर्षी वहीत उत्तर लिहिले होते ते आम्ही अजून विसरलो नाही. मुन्न्याची जन्मतारीख, तिच्यापुढे सहा महिन्यांनंतरची तारीख, आणि खाली उर्दूत एकच शब्द, दोन वेळा अधोरेखित केलेला : मुकम्मल. गणितात उत्तराखाली असा शब्द लिहीत नाहीत. आम्ही तिला पूर्ण गुण दिले.